घरातला संगणक : उड्या मारणाऱ्या कर्सरला लगाम

लॅपटॉपवर पत्र लिहिण्यात तंद्री लागलेली असते आणि एकाएकी कर्सर चार ओळी वर उडी मारतो. पुढची अक्षरे भलत्याच ठिकाणी उमटू लागतात. कधी एखादा परिच्छेद नकळत निवडला जातो आणि पुढची कळ दाबताच नाहीसा होतो! अशा वेळी घाबरून न जाता कंट्रोल आणि झेड या कळा एकत्र दाबाव्यात. गेलेला मजकूर बहुधा परत येतो. पण मूळ दुखणे असते ते कळफलकाखालच्या टचपॅडचे.

टचपॅडला दाब लागत नाही. बोट टेकले की त्याच्या पृष्ठभागाखालच्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो आणि तोच फरक तो मोजतो. त्यामुळे तळहाताचा ओझरता स्पर्शही त्याला बोट वाटू शकतो. लिनक्समधील ‘लिबइनपुट’ हा भाग तळहात ओळखण्याचा प्रयत्न करतो. पण प्रत्येक वेळी तो साधतोच असे नाही. हात थरथरणाऱ्या वडीलधाऱ्यांना तर हा त्रास अधिकच होतो.

उबुंटू किंवा फेडोरा वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमधील ‘माउस अँड टचपॅड’ हा विभाग उघडावा. आधी सौम्य उपाय करून पाहावा. ‘टॅप टू क्लिक’ बंद केले, की नुसत्या स्पर्शाने क्लिक होत नाही. टंकलेखन चालू असताना टचपॅड निष्क्रिय ठेवण्याची सोय असल्यास तीही चालू करावी. पुष्कळांचे काम एवढ्यावरच भागते.

तरीही त्रास थांबला नाही, तर टचपॅड पूर्ण बंद करावा. मात्र त्याआधी माउस जोडून तो नीट चालतो ना, याची खात्री करून घ्यावी. या दोन्ही प्रणालींच्या नेहमीच्या ग्नोम मांडणीत टचस्क्रीन नसलेल्या लॅपटॉपवर माउस जोडल्याशिवाय टचपॅड बंद करण्याचे बटण दिसतच नाही. अनेकांना ते सापडत नाही, त्याचे कारण हेच! दुसरा काही मार्ग हाती नसताना कोणी स्वतःची वाट बंद करू नये, म्हणून ही खबरदारी. काही लॅपटॉपवर वरच्या ओळीतील एखाद्या कळीवर टचपॅडचे चित्र असते. तिनेही तो बंद-चालू करता येतो.

आणि प्रवासात माउस घरीच राहिला तर? ग्नोममध्ये सुपर कळ, म्हणजे बहुतेक कळफलकांवर खिडकीचे चित्र असलेली कळ, दाबावी. शोधपट्टीत इंग्रजीत ‘टचपॅड’ टाइप करावे आणि बाणांच्या कळांनी सेटिंग्जचा पर्याय निवडून एंटर दाबावे. टॅब कळीने पुढे सरकत टचपॅडच्या बटणापर्यंत पोहोचून स्पेसबार दाबला, की टचपॅड पुन्हा कामाला लागतो.

माउस हाताशी असतानाच एकदा याचा सराव करून ठेवावा. ऐन वेळी धांदल उडणार नाही.