कृपेचा हिशेब

दिवाळीच्या पोस्ताची यादी करण्याचे काम आमच्या घरी माझ्याकडे असते. वर्षभर कोण वेळेवर आले, कोणी किती खाडे केले, हे सारे ध्यानात घेऊन मी आकडे मांडतो. यंदा जिना झाडणाऱ्याच्या नावापुढे निम्मीच रक्कम लिहिली, आणि न्यायाने वागल्याच्या समाधानात पुस्तक उघडले.

पुस्तक होते फ्लॅनरी ओकॉनर या अमेरिकन लेखिकेचे. जॉर्जिया राज्यात, प्रॉटेस्टंटांच्या मुलखात राहिलेली ही निष्ठावंत कॅथलिक बाई १९६४ साली, अवघ्या ३९ व्या वर्षी ल्यूपसच्या दुखण्याने वारली.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेली तिची ‘रेव्हलेशन’ ही कथा पाहा. दवाखान्यात बसलेल्या मिसेस टर्पिन मनातल्या मनात साऱ्यांची प्रतवारी लावीत आहेत. आपला जन्म काळ्यांत झाला नाही, दरिद्री गोऱ्यांतही झाला नाही, म्हणून त्या येशूचे मोठ्याने आभार मानतात. तोच समोरची एक मुलगी हातातले पुस्तक त्यांच्या तोंडावर भिरकावते. मुलीचे नाव मेरी ग्रेस! ग्रेस म्हणजे कृपा.

कॅथलिक धर्मविचारात कृपा ही सत्कर्मांची मजुरी नव्हे. ते न कमावलेले दान आहे. शिवाय कृपा माणसाचा मूळ स्वभाव मोडीत नाही, तो पूर्णत्वास नेते, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण. म्हणून टर्पिनबाई एका फटक्यात साध्वी होत नाहीत. डुकरांच्या गोठ्यापाशी उभ्या राहून त्या थेट देवाशी भांडतात, आणि मग त्यांना दिसते, की ज्यांना आपण हलके मानले ते नाचत-उडत स्वर्गाकडे पुढे निघाले आहेत. आपल्यासारखी सभ्य मंडळी सर्वांत मागे, आणि त्यांचे सद्गुणसुद्धा जळून चालले आहेत!

लेखिका प्रवचन करीत नाही. कृपा यायची ती देवदूताच्या नव्हे, संतापलेल्या मुलीच्या हातून येते. तिची कला ती हीच.

मी ही कथा हिला रंगवून सांगितली. चकल्या तळता तळता ही म्हणाली, “छान आहे. पण तुमचे वर्षभराचे खाडे कोणी मोजले आहेत का?”

मी मुकाट्याने यादी काढली. आकडा पुरा केला. पण खरे सांगू? तो पुरा करतानाही, आपण किती उदार, असे मनात येऊन गेलेच. पुस्तक अजून टेबलावरच आहे; हिच्या हाताला लागेल इतक्या अंतरावर.