देखभाल-वर्गणीचा जमाखर्च

परभणीत वसमत रस्त्याला आणि जिंतूर रस्त्याला सदनिकांच्या इमारती उभ्या राहू लागल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ दरमहाच्या देखभाल-वर्गणीचा तंटाही आला. ‘आम्ही तळमजल्यावर राहतो, मग लिफ्टचे पैसे आम्ही का भरावेत?’ हा आक्षेप सर्वसाधारण सभेत हमखास निघतो. परंतु सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टचा खर्च, कोणी ती वापरो वा न वापरो, त्या इमारतीतील सर्व सभासदांवर सारखाच पडतो, रखवालदार, झाडलोट आणि जिन्यातील दिवे यांचा सेवाखर्चही समान वाटला जातो, आणि पाणीपट्टी तेवढी नळांच्या संख्येवर व आकारावर आकारली जाते.

माझी खरी चिंता निराळी आहे. जमिनीची किंमत वगळून बांधकामखर्चाच्या वार्षिक किमान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी आणि पाऊण टक्का दुरुस्तीनिधीसाठी घ्यावा, असे उपविधी सांगतात. म्हणजे ज्या सदनिकेचा बांधकामखर्च १२ लाख, तिच्यामागे सालीना १२ हजार, दरमहा हजार रुपये, तेही विजेचे बिल आणि उन्हाळ्यातील टँकर धरण्यापूर्वीच. जेथे पाचशेची वर्गणीही जाचक वाटते, तेथे गच्ची गळू लागल्यावर एकरकमी तगादा अटळ ठरतो, आणि तो निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धांना सर्वांत असह्य होतो. वर्गणी पुरेशी असावी, आणि तिचा हिशेबही चोख मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत भरवणे संस्थेस बंधनकारक आहे. तेथे ताळेबंद हाती घेऊन निधी कोणत्या बँकेत, किती मुदतीने ठेवला आहे, हे प्रत्येक सभासदाने विचारावे.