तान्ह्यांचा मोठा वाढदिवस आणि तान्ह्या पोळ्याची रीत

दुडदुडत्या वयाच्या, म्हणजे साधारण 1 ते 3 वर्षांच्या मुलाचा वाढदिवस शंभर-दीडशे पाहुण्यांच्या उपस्थितीत करावयाचे ठरले, की करमणुकीचा प्रश्न बहुतेक घरांत एकाच पद्धतीने सोडवला जातो: सभागृहाच्या एका टोकाला मंच, त्यावर जादूगार किंवा मोठा मुखवटा घातलेले कार्टूनमधील पात्र, बाजूला डीजे आणि समोर खुर्च्यांच्या रांगा. अमरावती जिल्ह्यातील तिवशाचे मंगल कार्यालय असो वा तेथून परदेशी गेलेल्या कुटुंबाने भाड्याने घेतलेला हॉल असो, आराखडा फारसा बदलत नाही. हा आराखडा प्रौढांच्या समारंभातून उचललेला असून ज्या वयासाठी तो वापरला जातो त्या वयाशी त्याचा मेळ बसत नाही. याउलट तान्ह्यांना गर्दीत कसे सामावून घ्यावे याची चांगली रीत वऱ्हाडच्या बालोत्सवांत पूर्वीपासून आहे आणि मोठ्या वाढदिवसाचे नियोजन त्या रीतीने करणे अधिक योग्य आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेत केलेल्या निरीक्षणांवरून मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये लहान मुलांच्या खेळातील सामाजिक सहभागाचे टप्पे मांडले, आणि त्यांतील समांतर खेळ, म्हणजे दोन मुलांनी शेजारी बसून सारख्याच वस्तूंशी पण आपापले खेळणे, हा प्रकार लहान वयात विशेष आढळतो, तर नियम पाळून एकत्र खेळण्याची तयारी पुढे हळूहळू येते. दीड वर्षाच्या मुलाला संगीत खुर्चीत उभे करणे किंवा अर्धा तास मंचाकडे पाहत बसवणे म्हणूनच निष्फळ ठरते; मूल उठून चालू लागते, आणि ते त्याचा हट्टीपणा म्हणून नव्हे तर त्याच्या वयाचा स्वाभाविक धर्म म्हणून. त्यातच अनोळखी माणसांची भीती, जी साधारण आठव्या-नवव्या महिन्यात दिसू लागते आणि दुसऱ्या वर्षातही अनेक मुलांत टिकते, ती मुखवटा घातलेल्या, चेहरा न हलणाऱ्या उंच आकृतीसमोर उफाळून येते.

आवाजाचा मुद्दा याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 मध्ये कानाला लावून ऐकण्याच्या उपकरणांसाठी जो मानदंड घालून दिला, त्यात मुलांसाठी आठवड्याला 75 डेसिबल पातळीचा आवाज 40 तास ही मर्यादा सुचवली आहे. डेसिबल हे आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक असून दर 3 डेसिबल वाढीला ध्वनिऊर्जा दुप्पट होते, म्हणजेच सुरक्षित वेळ निम्मी होते. या हिशेबाने 90 डेसिबलला आठवड्याचा सगळा वाटा सव्वा तासात संपतो. हा मानदंड सभागृहांसाठी केलेला नसला तरी कान तेच असल्यामुळे तो मार्गदर्शक मानावयास हरकत नाही, आणि डीजेच्या ध्वनिक्षेपकासमोर मुलाला कडेवर घेऊन नाचणाऱ्या आईवडिलांना हा हिशेब कोणीतरी सांगितलाच पाहिजे.

या आराखड्याच्या नेमकी उलट रीत तान्ह्या पोळ्यात दिसते. विदर्भातील लहान मुलांचा हा सण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतो. आदल्या दिवशी शेतकऱ्याचे खरे बैल सजतात, तर या दिवशी मुले चाकांवर बसवलेले लाकडी नंदीबैल झूल, बेगड आणि फुलांनी सजवून दोरीने ओढत आणतात, घरोघरी त्यांचे औक्षण होते आणि मुलांच्या हातावर बोजारा, म्हणजे नाणी किंवा खाऊ, ठेवला जातो. नागपूरच्या भोसल्यांनी या सणाला प्रतिष्ठा दिली असे परंपरा मानते. येथे महत्त्वाची आहे ती त्याची रचना. या सणात प्रेक्षक म्हणून मुलाला कोठेही बसवलेले नसते. आठ वर्षांचा मुलगा मोठा बैल ओढतो, तीन वर्षांची मुलगी तळहाताएवढा बैल ओढते, आणि तान्हे मूल आईच्या कडेवरून सारे पाहते. बालरोगतज्ज्ञ विकासाचे जे टप्पे सांगतात त्यांत चालता चालता मागून खेळणे ओढणे हे कौशल्य साधारण अठराव्या महिन्याच्या सुमारास येते असे मानले जाते, आणि सुतार नेमके त्याच कौशल्याचे खेळणे पिढ्यान्‌पिढ्या घडवीत आला आहे. मूल थांबले तर बैल थांबतो, मूल बसले तर बैलही बाजूला बसतो; कार्यक्रम बिघडत नाही, कारण त्याचा वेग मुलाच्या हातात आहे. अलीकडे अनेक ठिकाणी या सणाला सजावट आणि वेशभूषेच्या स्पर्धांचे रूप आले असून दोन वर्षांच्या मुलाला परीक्षकांसमोर रांगेत ताटकळत उभे करणारा हा बदल सणाच्या मूळ गुणावरच घाव घालतो.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत होणाऱ्या बोरन्हाणाचीही घडण अशीच आहे. काळे कपडे आणि हलव्याचे दागिने घातलेल्या मुलाच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे, बत्तासे ओततात आणि भोवतीची मुले ते लुटतात. मूळ विधी काही मिनिटांत संपतो, मूल पाटावर जमिनीलगत असते, आई हाताच्या अंतरावर असते, आणि धावपळीचा सारा आनंद मोठ्या मुलांच्या वाट्याला येतो. परदेशातील अनेक मराठी मंडळे संक्रांतीच्या कार्यक्रमात सामूहिक बोरन्हाण करतात, तेथे मात्र एका दुरुस्तीची गरज आहे. बोराची बी, हरभरा, शेंगदाणा आणि टणक गोळी हे सारे घशात अडकू शकणारे पदार्थ आहेत, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना 4 वर्षांखालील मुलांना दाणे, पॉपकॉर्न, टणक गोळ्या आणि अख्खी द्राक्षे देऊ नयेत असेच सांगते. म्हणून जेथे तान्ही मुले अधिक आहेत तेथे ओतण्यासाठी चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या घ्याव्यात, बोरे मोठ्या मुलांच्या हातात द्यावीत. फुग्यांबाबतही तेच: अमेरिकेत रबरी फुग्यांच्या पाकिटावर 8 वर्षांखालील मुलांचा जीव गुदमरू शकतो असा इशारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे, तरीही सजावटीतील फुटलेल्या फुग्यांचे तुकडे रांगत्या मुलांच्या जमिनीवर पडलेले राहतात.

यावर आक्षेप असा येतो, की पहिला वाढदिवस मुळात मुलाचा नसतोच. तो तिवशाहून पहिल्यांदाच विमानात बसून आलेल्या आजी-आजोबांचा आणि दूरदूरच्या नातलगांना एकत्र आणणाऱ्या आईवडिलांचा असतो. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला मान दिला पाहिजे. परंतु त्यातून निष्कर्ष निघतो तो मोठ्यांची करमणूक वेगळी आणि उघडपणे योजावी असा. तान्ह्यांच्या नावाने ती करून तान्ह्यांनाच तिच्यात बसवावे असा नाही. सभागृहाचा एक भाग गालिचा अंथरून, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक दूर ठेवून, रांगत्या-चालत्या मुलांना मोकळा करून द्यावा, आणि गप्पा, गाणी, जेवण दुसऱ्या भागात चालू द्यावे. वेळही सायंकाळची न ठेवता सकाळची ठेवावी, कारण 1 ते 2 वर्षांच्या मुलाला दिवसाच्या डुलकीसह 11 ते 14 तास झोप लागते, आणि रात्री साडेआठला कापलेल्या केकच्या छायाचित्रांत रडणारी मुले दिसतात त्याचे कारण बहुधा एवढेच असते.

सण मात्र आपल्या तिथीलाच राहावेत. जुलैत बोरन्हाण करणे हा सणाचा अवमान आणि नियोजनाचा आळस आहे. घ्यावयाची आहे ती सणांची रचना. औक्षण दोन मिनिटांत उरकावे, नंतर लाकडी बैलांची एक फेरी निघावी, आणि ज्यांना मराठी येत नाही अशा शेजाऱ्यांच्या मुलांनाही दोरी हातात दिली की काही समजावून सांगावे लागत नाही. संगीतासाठी तिवसा तालुक्यातलेच उदाहरण जवळ आहे. मोझरीला 1935 मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर, म्हणजे हातात धरून वाजवण्याच्या लहान चर्मवाद्यावर, भजन गात गावेच्या गावे एकत्र केली आणि सामुदायिक प्रार्थनेची प्रथा रुजवली, जिच्यात गाणारा वेगळा आणि ऐकणारा वेगळा अशी विभागणी नसते. गालिच्यावर चार-पाच खंजिऱ्या ठेवून एका मावशीने किंवा काकांनी हळू आवाजात गाणे धरले, तर दोन वर्षांचे मूलही त्यात आपली थाप मिसळू शकते; ती तालात पडली नाही तरी कोणाचे बिघडत नाही.

या सर्वांत मराठी मंडळाने करावे असे एक काम आहे. गणपतीचे मखर, लेझीम आणि ढोल अनेक मंडळांकडे सांभाळलेले असतातच. त्यांच्या शेजारी वऱ्हाडच्या सुतारांकडून घडवून आणलेले वीस-पंचवीस लहान लाकडी बैल ठेवावेत आणि ज्या घरी वाढदिवस असेल त्याला ते ग्रंथालयातील पुस्तकांसारखे नेऊ द्यावेत. घडवून घेताना कडा गुळगुळीत असाव्यात, रंग मुलाने तोंडात घातला तरी अपाय न करणारा असावा, तोडून गिळता येतील असे घुंगरू आणि मणी लावू नयेत, चाके ओढून निघणार नाहीत अशी ठोकलेली असावीत, आणि दोरी आखूड, टोकाला फास न ठेवता बांधलेली असावी.