साल्सा : पायांबरोबर मेंदूलाही व्यायाम

‘रोज अर्धा तास चाला,’ हा डॉक्टरांचा सल्ला सगळेच ऐकतात, पाळणारे थोडे. व्यायाम सुटतो तो बहुतेक वेळा कंटाळ्याने. म्हणूनच साल्सासारख्या जोडीने करायच्या नृत्याकडे केवळ तरुणांची हौस म्हणून पाहू नये, असे मला वाटते.

साल्साचे मूळ क्युबातील ‘सोन’ आणि ‘माम्बो’मध्ये. १९६० आणि ७०च्या दशकांत न्यूयॉर्कमधील क्युबन व प्वेर्तो रिकन लोकांमध्ये त्याला आजचे रूप आणि नाव मिळाले. मूळ पाऊल सोपे आहे. आठ मात्रांपैकी १, २, ३ आणि ५, ६, ७ वर पाऊल टाकायचे. चौथी व आठवी मोकळी सोडायची. केरवा ऐकलेल्या कानांना हा हिशेब जड जाऊ नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. पासष्टीनंतर तोल सुधारणारे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करायला सांगते. साल्सात शरीराचा भार सतत एका पायावरून दुसऱ्यावर जातो, त्यामुळे दोन्ही गोष्टी साधतात. शिवाय जोडीदाराच्या हाताचा हलका इशारा ओळखून क्षणात वळायचे असते. इथे मेंदूला डुलकी घेता येत नाही!

‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांची पाहणी होती. शारीरिक हालचालींच्या प्रकारांत फक्त नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी आढळला. मात्र हा अभ्यास साल्सापुरता नव्हता. आणि ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच नाचत असतील, हीही शक्यता उरते. त्यामुळे ‘साल्साने विस्मरण टळते’ असा दावा कुणी केला, तर विश्वास ठेवू नका.

हृदयविकार, चक्कर किंवा गुडघेदुखी असल्यास आधी डॉक्टरांना विचारा. गिरकी घेताना गुडघा पिळू नका. टाच किंचित उचलून चवड्यावर वळा. तळव्याला फार घट्ट पकड असलेले बूट टाळा.

खरी अडचण गुडघ्यांची कमी, संकोचाची जास्त. ‘या वयात नाच? लोक काय म्हणतील?’ पुण्या-मुंबईत साल्साचे वर्ग चालतात. तिथे साठीतली माणसेही दिसायला हवीत. हातात हात घालून फुगडी खेळणाऱ्या समाजाला हे परके का वाटावे?