सावधगिरी की प्रतिष्ठा? दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला झालेल्या विरोधाचा इतिहास

(दीर्घ धागा)

पोटावरच्या तीन-चार लहान छिद्रांतून पित्ताशय काढले जाते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो, याचे आज कोणाला नवल वाटत नाही. मात्र हे तंत्र रुजताना त्याला जो विरोध झाला, त्याविषयी एक सोयीस्कर समज प्रचलित आहे : शल्यविशारदांची जुनी पिढी सावध होती, तिला पुरावा हवा होता आणि तो मिळताच तिने नवे तंत्र स्वीकारले.

हा समज घटनाक्रमापुढे टिकत नाही. १९८६ मध्ये हे तंत्र पुरावा न तपासता नाकारले गेले आणि १९९० च्या सुमारास पुरावा न तपासताच डोक्यावर घेतले गेले.

मुळात कल्पना नवी नव्हती. १९०१ मध्ये हॅम्बुर्ग येथील वैज्ञानिक संमेलनात गेऑर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात हवा भरून दुर्बिणीने आतील अवयव पाहिले. १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेउस यांनी माणसांवरील तपासण्यांचे वृत्त प्रसिद्ध केले. पुढची काही दशके हे साधन प्रामुख्याने यकृताचे विकार पाहणारे वैद्य आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांच्याच हाती राहिले. पोट उघडणारा सर्जन त्याकडे फिरकला नाही. ‘पाहणे’ हे त्याच्या लेखी काम नव्हते. कापणे हे काम होते. मोठा छेद म्हणजे स्वच्छ दृष्टी आणि स्वच्छ दृष्टी म्हणजे सुरक्षितता, हे सूत्र भूल आणि निर्जंतुकीकरण अपुरे असतानाच्या काळात योग्यच होते. काळ बदलला, सूत्राचा मात्र धर्म झाला.

सप्टेंबर १९८० मध्ये कील विद्यापीठातील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, काढले. पोटातील वायूचा दाब आपोआप राखणारे यंत्र, आत गाठ मारण्याच्या पद्धती, नवनवी अवजारे अशी मोठी सामग्री त्यांनी सिद्ध केली होती. तरुणपणी ते अवजारे घडवण्याचे काम शिकलेले होते, हे येथे लक्षात घ्यावे. या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा वैद्यकीय परवाना निलंबित करावा, अशी मागणी थेट जर्मन शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या प्रमुखाकडून झाली. त्याआधी, कीलमध्ये आल्यावर, सहकाऱ्यांनी त्यांना मेंदूची तपासणी करून घ्यायला लावले होते. यात पुराव्याची मागणी कोठे आहे? एका स्त्रीरोगतज्ज्ञाने सर्जनच्या वतनात पाऊल टाकले, ही खरी तक्रार होती.

झेम यांच्या कामातून प्रेरणा घेतलेले एरिख म्यूहे हे मात्र स्वतः सर्जन होते. १२ सप्टेंबर १९८५ रोजी स्टुटगार्टजवळच्या बोब्लिंगेन या गावी त्यांनी स्वतः रचलेल्या ‘गॅलोस्कोप’च्या साहाय्याने पित्ताशय काढले. मार्च १९८७ पर्यंत अशा ९४ शस्त्रक्रिया झाल्या. त्यांची वाट सरळ नव्हती. आरंभीच्या काही शस्त्रक्रियांनंतर त्यांनी पोटात वायू भरणे सोडले आणि बरगड्यांच्या कडेखालून एकाच नळीवाटे काम करू लागले. म्हणजे चर्चा करण्याजोगे, खोडून काढण्याजोगेही पुष्कळ काही होते. एप्रिल १९८६ मध्ये जर्मन शल्यचिकित्सा परिषदेत त्यांनी आपला अनुभव मांडला, तेव्हा ‘मिकी माऊस शस्त्रक्रिया’ अशी त्याची संभावना झाली. छोटा छेद म्हणजे छोटा मेंदू, असेही हिणवले गेले. किती रुग्णांना इजा झाली, किती दिवसांत ते कामावर परतले, असले प्रश्न थट्टेत वाहून गेले.

याच परिषदेचा शंभर वर्षांपूर्वीचा एक प्रसंग पाहिला म्हणजे खरी सावधगिरी कशी असते ते कळते. १८८३ मध्ये बर्नचे थिओडोर कोखर तेथे उभे राहिले होते. गलगंडाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा हातखंडा होता. परंतु संपूर्ण थायरॉइड काढलेल्या रुग्णांविषयी वाईट बातम्या कानी आल्या आणि जिनिव्हाच्या रेव्हर्डिन यांनीही तशीच निरीक्षणे नोंदवली, तेव्हा कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलावून तपासले. बहुतेकांचे चेहरे सुजलेले, बुद्धी मंदावलेली, हालचाली जड झालेल्या. वाढत्या वयाच्या मुलांची वाढ खुंटलेली. शस्त्रक्रिया निर्दोष होती, परिणाम भीषण होता. हे त्यांनी भर सभेत सांगितले आणि साध्या गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे थांबवले. १९०९ चे नोबेल त्यांना थायरॉइडवरील कामासाठीच मिळाले. जुने रुग्ण परत बोलावणे ही सावधगिरी. वक्त्याला हसणे ही नव्हे.

पुढची घाई तर अधिक बोलकी आहे. १९८७ मध्ये लिऑनच्या फिलिप मुरे यांनी, १९८८ मध्ये पॅरिसच्या द्युबुआ यांनी आणि पाठोपाठ बोर्दोच्या पेरिसा यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्याच वर्षी अमेरिकेतही सुरुवात झाली. १९८९ मध्ये लुईव्हिल येथील संमेलनात पेरिसा यांची चित्रफीत पाहायला सर्जन दाटीवाटीने उभे राहिले, आणि दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील बहुसंख्य पित्ताशये दुर्बिणीतून निघू लागली. तुलनात्मक चाचण्या झाल्या म्हणून हे घडले नाही. रुग्ण ‘ती छिद्रांची शस्त्रक्रिया’ मागू लागले आणि जो सर्जन ती करत नव्हता त्याचे रुग्ण शेजारच्याकडे जाऊ लागले. काल जे हास्यास्पद होते, ते आज दोन दिवसांच्या वर्गात डुकरावर शिकून सोमवारी माणसावर केले जाऊ लागले.

याची किंमत रुग्णांनी मोजली, आणि ती कशी मोजली हे समजून घेणे आवश्यक आहे. पित्ताशयाची छोटी नलिका यकृताकडून आतड्याकडे जाणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला मिळते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पित्ताशय चिमट्याने वर खेचताना चुकीच्या दिशेने ताण दिला, तर या दोन्ही नलिका एका रेषेत येतात. सपाट पडद्यावर, खोलीचा अंदाज नसताना, बोटांनी चाचपण्याची सोय नसताना, मुख्य नलिकाच ‘ती छोटी’ वाटते. तिला चिमटे लावले जातात, ती कापली जाते. पित्त पोटात झिरपते, कावीळ होते, पुन्हा मोठी शस्त्रक्रिया, कधी आयुष्यभराचे दुखणे. उघड्या शस्त्रक्रियेतही ही इजा होत असे. नव्या तंत्राच्या पहिल्या लाटेत तिचे प्रमाण कैक पटींनी वाढले. अखेर १९९२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागाला सांगावे लागले की, स्वतंत्रपणे काम करण्यापूर्वी सर्जनने किमान १५ शस्त्रक्रिया देखरेखीखाली कराव्यात. नलिका कापण्यापूर्वी नेमके काय दिसलेच पाहिजे, याचा काटेकोर निकष स्ट्रासबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडला. तोपर्यंत लक्षावधी पित्ताशये निघून गेली होती.

येथे एक आक्षेप हमखास येतो : मग १९८६ चे विरोधक बरोबरच नव्हते का? नाही. त्यांनी या धोक्याचा अभ्यास करून विरोध केला असता, तर १९८९ मध्ये प्रशिक्षणाची चौकट तयार असती. ज्यांच्याकडे दुर्बिणीचा दशकांचा अनुभव होता, त्या स्त्रीरोगतज्ज्ञांना सर्जनवर्गाने वेळीच गुरू मानले असते, तर घाईत शिकण्याची वेळ आली नसती. विरोधातही तपासणी नव्हती, म्हणून स्वीकारातही ती आली नाही. दोन्ही वेळी निर्णय प्रतिष्ठेने घेतला. पहिल्या वेळी ती मोठ्या छेदात होती, दुसऱ्या वेळी चकचकीत पडद्यात.

पुरावा आला तेव्हाही ऐकले गेले नाही, हा या कथेचा सर्वांत उपहासात्मक भाग. १९९६ मध्ये शेफिल्डच्या सर्जनांनी ‘लॅन्सेट’मध्ये २०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. अर्ध्यांवर दुर्बिणीने, अर्ध्यांवर लहान छेदाने शस्त्रक्रिया. सर्वांच्या पोटावर एकसारख्या पट्ट्या, जेणेकरून रुग्णाला वा परिचारिकेला काय केले ते कळू नये. रुग्णालयातील मुक्काम आणि कामावर परतणे यांत लक्षणीय फरक आढळला नाही; दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला वेळ मात्र जास्त लागला. यावरून दुर्बीण व्यर्थ ठरत नाही, पण तिच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या लाभांपैकी काही केवळ छेद लहान केल्याचे, काही रुग्णाला लवकर घरी जाऊ दिल्याचे होते. या निष्कर्षाने प्रवाह तसूभरही वळला नाही.

सर्वत्र असेच घडले असे नाही. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथी जेमतेम काही ग्रॅम वजनाची. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पूर्वी भलामोठा छेद घ्यावा लागे, प्रसंगी बरगडीचा तुकडा काढावा लागे. १९९२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मिशेल गान्ये यांनी ती दुर्बिणीतून काढल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा लाभ उघड होता. उलट, गळ्यावर व्रण दिसू नये म्हणून काखेतून थायरॉइड काढायची, तर काखेपासून गळ्यापर्यंत त्वचेखाली बोगदाच करावा लागतो. व्रण लपतो; पण अशा शस्त्रक्रियेला ‘किमान छेदाची’ म्हणणे हा शब्दांचा खेळ आहे.

आणि आपल्याकडे? ‘हे सारे पाश्चात्त्यांकडून आयते आले’ हे विधानही असेच तपासावे लागेल. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्येच, म्हणजे पश्चिमेतील बहुतांश सर्जन दुर्बिणीला हात लावत नव्हते तेव्हा, पोटाच्या निदानासाठी ती वापरायला घेतली. त्यांचा युक्तिवाद चैनीचा नव्हता. जेथे महागडी चित्रण-यंत्रे नाहीत, तेथे एका छिद्रातून क्षयरोग, कर्करोग वा यकृताचा विकार डोळ्यांनी ओळखता येतो. आणि ज्याच्या हाताला रोजची मजुरी आहे, त्याचे बिछान्यावरचे चार दिवस वाचले तर घरची चूल चालू राहते. १९९० मध्ये त्याच रुग्णालयात त्यांनी भारतातील पहिले पित्ताशय दुर्बिणीतून काढले. गरीब देशाला हे तंत्र परवडत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडलाच नव्हता.

म्यूहे यांचे काय झाले? ज्या संघटनेच्या व्यासपीठावर त्यांची थट्टा झाली, तिनेच १९९२ मध्ये त्यांना सन्मानित केले. १९९९ मध्ये अमेरिकन दुर्बीण-सर्जनांच्या सॅन अँटोनियो येथील संमेलनात त्यांना आपल्या पहिल्या शस्त्रक्रियेवर व्याख्यान देण्यास पाचारण करण्यात आले. तोवर मधली चौदा वर्षे लोटली होती, आणि कित्येक पुस्तकांत ‘पहिली शस्त्रक्रिया : लिऑन, १९८७’ असे छापून झाले होते. ते अजूनही छापले जाते.