मंगळवारची कुस्ती

मंगळवारी संध्याकाळी सात ते साडेनऊ आमच्याकडे फोन करू नये, हे ग्रोनिंगनमधल्या मराठी मंडळींना आता पाठ झालं आहे. अमेरिकेत पूर्व किनाऱ्यावर सोमवारी रात्री आठला 'रॉ' सुरू होते तेव्हा इकडे मंगळवारच्या पहाटेचे दोन वाजलेले असतात. त्या वेळी उठून टीव्ही लावण्याचं आमचं वय सरलं. म्हणून दिवसभर ऑफिसात निकाल कानावर पडू द्यायचा नाही आणि संध्याकाळी वरणभात आटोपून शिळी कुस्ती ताजी समजून बघायची. डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा दुसरं करायचं तरी काय? सौभाग्यवती अशा वेळी पुस्तक घेऊन वरच्या खोलीत जातात. चिरंजीव आणि कन्या मात्र आमच्या दोन बाजूंना बसतात.

११ जानेवारी १९९३ ला सुरू झालेला हा कार्यक्रम आजही दर आठवड्याला चालू आहे. आणि तेव्हापासून त्याच्या प्रेक्षकाला एकच प्रश्न विचारला जातो: "अहो, ते सगळं खोटं असतं ना?" आम्हाला तो डच शेजाऱ्यांनी विचारला आहे, उन्हाळ्यात राहायला आलेल्या सासऱ्यांनी विचारला आहे, आणि शाळेतून येऊन चिरंजीवांनीही विचारला आहे. आमचं उत्तर ठरलेलं: हो, निकाल आधी ठरलेला असतो. मग पुढे?

आपल्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा कुस्ती म्हणतात. शब्द जवळजवळ शिवीसारखा. राजकारणाच्या बातम्यांत तो कितीदा येतो ते वाचकांना माहीतच आहे. शिवी असायलाही हवी. शाहू महाराजांनी बांधलेल्या कोल्हापूरच्या खासबाग मैदानात १९१२ पासून कुस्त्या होत आहेत. तिथे गावाहून एस.टी.ने येऊन जो माणूस मातीच्या कडेला बसतो, तो निकाली कुस्ती बघायला आलेला असतो. दोघा पैलवानांनी इनाम आधीच वाटून घेतलं असेल तर ती त्याची शुद्ध फसवणूक होय.

पण या अमेरिकन कंपनीने १९८९ सालीच न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे सांगून टाकलं की हा खेळ नव्हे, करमणूक आहे. त्यामागे सत्याची चाड वगैरे काही नव्हती बरं का! खेळ म्हटला की क्रीडा आयोगाची देखरेख आली, कर आला; तो चुकवायचा होता. हेतू काहीही असो, सरकारदरबारी कबुली दिली गेली. तेव्हापासून याला नुरा म्हणण्यात अर्थ नाही, नाटकच म्हणावं. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी बघून बाहेर पडताना "ते खरे संभाजी महाराज नव्हतेच" असं कुणी कुजबुजलं होतं का? प्रयोग कसा झाला हे विचारायचं. तोच प्रश्न या कार्यक्रमाला आमच्या ओळखीतलं कुणी विचारत नाही, ही आमची खरी तक्रार.

आमच्या पिढीने हे नाटक केबल टीव्हीवर आणि ट्रम्प कार्डांच्या गड्डीत पाहिलं. उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या आणि जिंकलेल्या लढती, रँक: भूगोलापेक्षा हे आकडे जास्त पाठ. अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झालाय, अशी एक वदंता भारतभरच्या शाळांत होती. १९९४ च्या ऑगस्टमध्ये शिकागोत कंपनीने खरोखरच दोन अंडरटेकर समोरासमोर उभे केले. त्यातला नकली होता ब्रायन ली. याच ब्रायन लीने १९९६ च्या 'खिलाडियों का खिलाडी'त अक्षयकुमारसमोर अंडरटेकरचं काम केलं. म्हणजे हिंदी सिनेमाच्या वाट्याला नकलीच आला, पण तो कंपनीत अधिकृतपणे नकली म्हणून गाजलेला! इतकी प्रामाणिक बनवाबनवी आम्ही दुसरीकडे पाहिली नाही.

आता आम्ही राहतो त्या देशाचंही सांगायला हवं. "साधं वाग, तेवढ्यानेच पुरेसा वेडा दिसशील" अशा अर्थाची म्हण उठताबसता ऐकवणाऱ्या या लोकांना झगमगत्या चड्डीतले पैलवान झेपत नाहीत. पण त्यांचेच दोन महापुरुष या वाटेने गेले, हे आम्ही शेजाऱ्यांना आवर्जून ऐकवतो. उट्रेख्टचा अँटन खेसिंक: १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपान्यांच्या घरी जाऊन त्यांच्याच ज्युदोत त्याने सुवर्णपदक घेतलं, आणि १९७३ पासून त्याच जपानात तो अशा ठरवलेल्या कुस्त्या खेळला. दुसरा विलेम रुस्का, १९७२ च्या म्युनिकमध्ये दोन सुवर्णपदकं जिंकलेला. फेब्रुवारी १९७६ मध्ये टोकियोत अंतोनिओ इनोकीने त्याला 'हरवलं', आणि त्याच जूनमध्ये इनोकी महंमद अलीसमोर उभा राहिला. अलीशी झालेली ती लढत बहुतेकांच्या मते ठरवलेली नव्हती. आणि काय झालं? इनोकी पंधरा फेऱ्या बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. निकाल बरोबरी! प्रेक्षक चिडले. खरेपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी ती लढत एकदा सलग बसून बघावी.

आता प्रयोगाविषयी. हल्लीच्या 'रॉ'वर आमचा पहिला आक्षेप भाषणांचा. कुणीतरी माइक घेऊन येतो, संगीत वाजतं, पंधरा-वीस मिनिटं बोलणं चालतं. आपल्याकडच्या सत्कार समारंभांची आठवण येते. दुसरा आक्षेप, लढत रंगात आली की तिसऱ्याच माणसाने मध्ये घुसायचं आणि निकाल लागू द्यायचा नाही. खासबागेत असं चाललं असतं तर लोकांनी पायताणं भिरकावली असती. रोमन रेन्स १,३१६ दिवस विजेता राहिला, २०२० च्या ऑगस्टपासून २०२४ च्या एप्रिलपर्यंत. त्यातले कित्येक आठवडे तो फिरकलाच नाही. मुख्य नट गैरहजर आणि नाटक चालू, हे आम्हाला पटत नाही.

पटतं ते गुंटरचं काम. हा ऑस्ट्रियाचा गडी फार बोलत नाही, नुसता छातीवर पंजा हाणतो, आणि तो आवाज ऐकून आमच्या कन्येचेही डोळे मिटतात. डिसेंबर २०२५ मध्ये जॉन सीनाने आपली शेवटची लढत याच गुंटरशी केली आणि हार पत्करली. लोकांनी हुर्यो उडवली. आम्हाला मात्र ते योग्य वाटलं. जाणाऱ्याने राहणाऱ्याला मोठं करून जावं ही त्या धंद्यातली जुनी रीत आहे, आणि सीनाने ती पाळली.

बायकांच्या लढतींबद्दल तर बोलायलाच नको, हल्ली सगळ्यांत चांगलं काम त्यांचंच आहे. एप्रिल २०२५ मध्ये लास व्हेगासला इयो स्काय, रिया रिप्ली आणि बियांका बेलेअर या तिघींची लढत झाली. ती आमच्या घरात तीनदा पाहिली गेली. तिसऱ्यांदा सौभाग्यवतीही जिन्यात थांबल्या होत्या.

एका गोष्टीवर मात्र आम्ही या नाटककारांना माफ करत नाही. २०१७ च्या मे महिन्यात जिंदर महाल विजेता झाला. तो जन्माने कॅलगरीचा, म्हणजे कॅनडाचा. त्याला 'महाराजा' केलं, पंजाबीत बोलायला लावलं, आणि तुम्ही अमेरिकन माझा द्वेष करता असं म्हणवून घेतलं. समोरचे लोक "यूएसए, यूएसए" ओरडत. हा साचा जुनाच. इराणचा आयर्न शेख अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाचा सहायक प्रशिक्षक होता. पडद्यावर मात्र तो अमेरिकेवर थुंकणारा खलनायक, आणि १९८४ च्या जानेवारीत हल्क होगनने त्याला पाडलं तेव्हा देशाचा उद्धार झाल्यासारखा जल्लोष झाला. जुने भाग बघताना चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, तो तर तिथलाच आहे ना? मग त्याला बाहेरचा का करतात?" ग्रोनिंगनला जन्मलेल्या, डच शाळेत जाणाऱ्या आणि तरीही "तू मूळचा कुठला?" हा प्रश्न दर वर्षी ऐकणाऱ्या मुलाचा हा प्रश्न. आम्ही टीव्ही थांबवला आणि सांगितलं की लेखकाला खलनायक सुचत नसला की तो परकं नाव आणि परकी भाषा उचलतो, आणि हे आळशी लेखन आहे. "मग शाळेत विचारतात तेपण आळशी?" असं तो म्हणाला. त्यावर आमच्या घरात अजून चर्चा चालू आहे. आल्कमारचा अ‍ॅलिस्टर ब्लॅक या कंपनीत आला, त्याला मात्र कुणी लाकडी बूट घालून नाचवलेलं नाही.

आता जे खोटं नाही त्याबद्दल. रिंग म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यावर लाकडी फळ्या, वर फोमचा पातळ थर आणि ताणलेलं कॅनव्हास. पडताना हनुवटी छातीला लावायची, हात पसरायचे आणि पाठ एकदम सपाट टाकायची, म्हणजे आघात मोठ्या क्षेत्रफळावर वाटला जातो. आपला मल्ल पाठ लागू नये म्हणून जीव टाकतो. यांची पहिली विद्या पाठ टाकण्याची. गणित बरोबर असलं तरी आठवड्यातून चार-चार रात्री तेच केल्यावर मणक्याचं काय होतं हे सांगायला इंजिनियर नको.

आणि २३ मे १९९९. कॅन्सस सिटीत ओवेन हार्टला छतावरून दोरीने रिंगमध्ये उतरवायचं होतं. पट्ट्याची कडी लवकर सुटावी, प्रवेश झोकात व्हावा, म्हणून हलक्या ओढीने उघडणारी कडी लावली होती. ती वरच उघडली. जवळजवळ चोवीस मीटरवरून तो पडला आणि गेला. त्याला इस्पितळात नेलं आणि कार्यक्रम पुढे चालू ठेवला. माणूस टांगायच्या साखळीत एक कडी निकामी झाली तर दुसरीने धरलं पाहिजे, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाला शिकवतात. कार्यक्रम न थांबवण्याला तर आमच्याकडे शब्द नाही. ती रात्र आम्ही मुलांना दाखवलेली नाही, सांगितली मात्र आहे. सोफ्यावरून एकमेकांवर उडी मारायची नाही हा घरातला नियम तिथूनच आला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत निकाल न पटल्याने एका नामांकित मल्लाने पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. 'रॉ'मध्ये पंच महिन्यातून दोनदा आडवा होतो. ही बातमी आमच्याकडे वाचली गेली तेव्हा कन्येने विचारलं, "तो पंच खरा होता?" खरा होता. म्हणून ते वाईट.

जाता जाता एक विनंती. वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि दोनशे किलोच्या घरातला किंगकाँग यांच्या 'फ्री स्टाईल' कुस्त्या ज्यांनी पाहिल्या, किंवा १९६८ साली मुंबईत दारासिंगने लू थेझला हरवलं तेव्हा जे हजर होते, असे आजोबा वाचकांपैकी कुणाच्या घरी असतील, तर त्यांना बसवून विचारा आणि चार ओळी संपादकांकडे धाडा. त्यांना त्या खऱ्या वाटल्या होत्या का, तेही विचारा. आमचे सासरे म्हणतात, दारासिंगच्या होत्या, बाकीच्या नव्हत्या.