सेवा हवी, संघटना नको!

कोणत्याही महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनास जावे. व्यासपीठाच्या एका बाजूस सावित्रीबाईंची तसबीर मांडलेली असते, तिला पुष्पहार घातलेला असतो, आणि 'आजच्या तरुणींनी हा वारसा पुढे चालवावा' असे सांगून प्रमुख पाहुणे टाळ्यांच्या गजरात खाली बसतात. परंतु समजा, दुसऱ्याच दिवशी त्या महाविद्यालयातील दहा-बारा मुली एकत्र जमल्या, आणि वसतिगृहाच्या वाटेवरील दिवे इतके महिने बंद का, असा अर्ज लिहून सह्या गोळा करू लागल्या, तर काय होते? त्यांच्या वडिलांना निरोप जातो की, आपल्या कन्येस समज द्यावी. आणि वडील ती समज देतात. हे आम्ही शरमेने लिहितो. कारण हे वडील कोणी परके नव्हेत. ते आमच्याच वर्गातले, आमचेच स्नेही, आणि पुष्कळ प्रसंगी आम्ही स्वतःच असतो. तसबिरीतील स्त्री पूज्य आणि सह्या मागणारी मुलगी उद्धट, असा हा आमच्या सुशिक्षित घरांतील न्याय आहे.

मुलींनी शिकावे की न शिकावे, हा वाद आमच्या घरांपुरता कधीच मिटला. त्यांनी समाजाची सेवा करावी, यासही कोणाची हरकत नाही. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून किती मुलींनी खेड्यांतून शिबिरे केली, झाडे लावली, गावचे रस्ते झाडले! त्यांची छायाचित्रे आपण कौतुकाने पाहुण्यांस दाखवतो. मात्र झाडू हाती घेतलेल्या त्याच मुलीने विचारले की, हा कचरा उचलण्याचे काम मुळात कोणाचे, त्यासाठी मंजूर झालेला पैसा कोठे गेला, आणि हे विचारण्यास आम्ही साऱ्याजणी मिळून नगरपालिकेत का जाऊ नये, तर त्याच क्षणी आमच्या कपाळास आठ्या पडतात. 'हे राजकारण झाले' असे आपण म्हणतो. सेवा सांगितल्याबरहुकूम करता येते. संघटनेत काय करावयाचे ते स्वतःच्या बुद्धीने आणि दहाजणींच्या विचाराने ठरवावे लागते. आमचा आपल्या वर्गावर आरोप आहे तो हाच. मुलींचे कष्ट आपणांस हवे आहेत, त्यांची पदके हवी आहेत, त्यांचे वेतनही हवे आहे. त्यांचा निर्णय तेवढा नको आहे.

ज्यांच्या नावाने आपण गौरवाची भाषणे करतो, त्यांची वये एकदा मोजून पाहावीत. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवू लागल्या तेव्हा सावित्रीबाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. १८८२ साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना शिक्षिका व डॉक्टर होण्याचे शिक्षण द्यावे अशी मागणी केली, त्या वेळी त्यांचे वय चोवीस होते. आजच्या हिशेबाने एक अकरावी-बारावीची विद्यार्थिनी आणि दुसरी नुकती पदव्युत्तर शिक्षण संपवलेली! या दोघींनी केवळ दया दाखवली असती, तर त्यांची नावे आज कोणास ठाऊक असती? एकीने शाळा उभारण्यास हात लावला, दुसरीने स्त्रियांचा समाज उभा केला आणि सरकारला जाब विचारला. यालाच आपण आज संघटना म्हणतो आणि आपल्या मुलींना तीपासून दूर ठेवतो.

'परंतु मुलींच्या सुरक्षिततेचे काय?' हा पहिला आक्षेप, आणि तो मनापासून घेतला जातो हे आम्ही जाणतो. त्यास उत्तर म्हणून काशीचे उदाहरण देतो. १९१६ हे वर्ष दोन कारणांनी स्मरणीय आहे. त्या वर्षी अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले आणि त्याच वर्षी मालवीयजींचे बनारस हिंदू विद्यापीठ स्थापन झाले. त्यानंतर एकशे एक वर्षांनी, २०१७ च्या सप्टेंबरात, या काशीच्या विद्यापीठाच्या आवारात संध्याकाळी वसतिगृहाकडे परतणाऱ्या एका विद्यार्थिनीची मोटारसायकलवरून आलेल्या तरुणांनी छेड काढली. तिची तक्रार असे सांगते की, रक्षकांनी मदत तर केली नाहीच, उलट अशा वेळी ती बाहेर का होती, असे तिलाच विचारण्यात आले. दुसऱ्या दिवशी मुली विद्यापीठाच्या सिंहद्वारावर येऊन बसल्या. त्यांनी काय मागितले? रस्त्यावर दिवे, जागरूक पहारा आणि तक्रार ऐकणारी यंत्रणा. धरण्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री त्यांच्यावर लाठी चालली. पुढे विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच चीफ प्रॉक्टरच्या पदावर एका स्त्रीची नेमणूक झाली. आता वाचकांनीच सांगावे, तेथील मुलींची सुरक्षितता कोणी वाढवली? संध्याकाळ झाली की दारास कुलूप लावणाऱ्यांनी, की दारात बसून दिवे मागणाऱ्यांनी?

या कुलपाची कथाही थोडक्यात सांगितली पाहिजे. वसतिगृहात परतण्याची वेळ मुलांना एक आणि मुलींना दुसरी, ही रीत देशभर इतकी अंगवळणी पडली होती की, तीत अन्याय आहे हेच कोणास दिसेना. २०१५ साली दिल्लीच्या विद्यार्थिनींनी 'पिंजरा तोड' या नावाने तिच्याविरुद्ध चळवळ उभारली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ च्याच आपल्या विनियमांत स्पष्ट बजावले की, सुरक्षिततेच्या काळजीचे कारण पुढे करून मुलींवर भेदभावाचे नियम लादता येणार नाहीत. २०१९ साली केरळात त्रिचूरच्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातील सिनेमास जाण्यावरील निर्बंधांविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली, आणि मुलांना जे स्वातंत्र्य आहे तेच मुलींनाही आहे, असा निवाडा मिळाला. हे सर्व कोणा दयाळू विश्वस्ताच्या मनात एके सकाळी आपोआप उगवले नाही. मुलींनी सभा घेतल्या, पत्रके काढली, वकील गाठले, आणि घरून आलेली बोलणीही सोसली.

दुसरा आक्षेप असा की, राजकीय पक्ष मुलींना हाताशी धरतील. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. महाराष्ट्राला याचा कटू अनुभव आहे. १९८९ साली मुंबईत विद्यार्थी-निवडणुकांच्या वैरातून एका विद्यार्थी-नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुकाच बंद केल्या. २०१६ च्या कायद्याने ते दार पुन्हा उघडले खरे. परंतु दोन दशकांहून अधिक काळात ज्या पिढ्या महाविद्यालयांतून बाहेर पडल्या, त्यांनी आपला प्रतिनिधी आपल्या मताने निवडण्याचा अनुभव कधी घेतलाच नाही. गुंडगिरी कोणी केली आणि शिक्षा कोणास झाली, हे तरी पाहावे! विहिरीत एकजण बुडाला म्हणून गावाने विहीर बुजवावी आणि मग साऱ्यांनी तहानेने व्याकूळ व्हावे, तसा हा प्रकार झाला. पक्षांच्या हाती सापडण्याचे भय असेल, तर त्यावर उपाय एकच. मुलींची स्वतःची, स्वतःच्या वर्गणीवर चालणारी, स्वतःचा हिशेब फलकावर लावणारी संघटना असू द्यावी. जी एकटी असते तिला कोणीही ओढून नेतो. जी दहाजणींत बसून प्रश्न विचारण्यास शिकली, ती पुढाऱ्यालाही प्रश्न विचारते.

तिसरा आक्षेप अभ्यासाचा. 'आधी शिक्षण पुरे करावे, मग समाजकार्य.' हे वचन ऐकण्यास गोड आहे. परंतु घटनेने आपल्या मुलीस अठराव्या वर्षी मताचा अधिकार दिला आहे, एकविसाव्या वर्षी ती नगरपालिकेच्या निवडणुकीस उभी राहू शकते, आणि २०११ सालापासून महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. जी नगराचा कारभार करण्यास पात्र, ती आपल्या वसतिगृहाच्या खाणावळीचा हिशेब विचारण्यास मात्र अपात्र! निवडून आलेल्या स्त्रीच्या शेजारच्या खुर्चीवर तिचे पती बसतात आणि तिच्या वतीने तेच बोलतात, यावर आपण बैठकीत बसून हसतो. परंतु सभेत बोलण्यास, ठराव मांडण्यास, आपल्या विरुद्ध पडलेली मते खिलाडूपणाने मोजण्यास ती शिकणार तरी कोठे? पोहणे आल्यावाचून पाण्यात उतरू नये, असा नियम केला तर पोहणारी निपजणार कशी? सभेचा वृत्तान्त लिहिणे, पै-पैचा हिशेब ठेवणे, विरोधकाचे शेवटपर्यंत ऐकून घेणे, हाही अभ्यासच आहे. आणि त्याची परीक्षा जन्मभर चालते.

मुलींची खुशामत करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. वसतिगृहाची वेळ दोन तासांनी वाढली म्हणजे काम संपले असे त्यांनी मानू नये. दोन बसगाड्या बदलून खेड्यातून येणारी विद्यार्थिनी, शिष्यवृत्तीचे पैसे न मिळाल्याने नाव काढण्याच्या बेतात असलेली दलित वा आदिवासी मैत्रीण, त्यांच्याच खोल्या झाडणारी बाई, यांचे प्रश्न ज्या संघटनेच्या वहीत नाहीत ती संघटना सुखवस्तू मुलींचे मंडळ होऊन राहील. स्वातंत्र्य मागणाऱ्यांवर ते वाटून घेण्याची जबाबदारीही येते.

वाचकांपाशी आमचे मागणे लहानसे आहे. आयोगाच्या ज्या विनियमांचा वर उल्लेख केला, त्यांतच अशी तरतूद आहे की, लैंगिक छळाची तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तेव्हा ती ऐकणाऱ्या समितीवर तीन विद्यार्थी-प्रतिनिधी असावेत, आणि ते उघड, लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. आपल्या मुलीच्या महाविद्यालयात ही निवडणूक कधी झाली, हे एकदा तिला विचारून पाहावे. तिला ठाऊक नसेल, तर तिने आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून प्राचार्यांस विचारावे. आणि त्यासाठी त्या जमल्या तर त्यांना बसण्यास आपली बैठकीची खोली द्यावी, चहा द्यावा, आणि आपण आत जाऊन बसावे.

आणि पुढच्या वेळी 'आपल्या कन्येस समज द्यावी' असा निरोप आला, तर शांतपणे उत्तर द्यावे की, समज तिला आलेली आहे. ती ज्या दिव्यांविषयी विचारते आहे ते कधी लागणार, तेवढे कळवावे.